मधल्या स्पीकरची तार

ओफिरबाईंच्या दिवाणखान्यातले स्पीकर एका वर्षी अचानक म्हातारे झाले. निदान त्यांचा नवरा एरिबेर्तो तसं म्हणायचा. "माझ्यासारखेच थकलेत ते. राहू दे." गाणारा घोंगडीत तोंड खुपसून गातोय असं वाटायचं, पण एरिबेर्तो ते दुरुस्तही करू देईना आणि नवेही आणू देईना. काली शहरातल्या ओब्रेरो वस्तीत घरात धड खाट नसली तरी चालते, पण साल्साची गाणी खणखणीत वाजली पाहिजेत. शेजारी त्याची टर उडवायचे. तो हसून सोडून द्यायचा.

त्यांचा एकुलता एक मुलगा येसिद डिसेंबरच्या जत्रेतल्या एका संध्याकाळी गेला. घरात नाच रंगला होता, आणि तो मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून गेला तो आलाच नाही. त्या काळात शहरातली बरीच पोरं अशी गेली. चौक्या, इस्पितळं, नदीकाठ, सगळं पालथं घालून झालं. त्या दिवशी दुपारीच मायलेकांचं भांडण झालं होतं. "रागात गेला," ओफिरबाई भेटेल त्याला सांगायच्या. "माझ्याशी एक शब्द न बोलता गेला." एरिबेर्तो तेव्हा उठून अंगणात जायचा.

बऱ्याच वर्षांनी, घराला रंग देताना कपाटावरच्या डब्यात त्याच संध्याकाळची कॅसेट सापडली. येसिद गाण्याबरोबर लोखंडी घंटा वाजवायचा आणि स्वतःचं वाजवणं टेप करायचा. एरिबेर्तोनं ती आधी एकट्यानं ऐकली. बाई बाजारातून आल्यावर म्हणाला, "पोराची घंटा आहे यात." तेव्हापासून येसिदच्या वाढदिवसाला ती कॅसेट लागायची. स्पीकर म्हातारे झाले ते कॅसेट सापडली त्याच आठवड्यात. हे बाईंच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. घंटा लाकडावर ठोकल्यासारखी वाजायची, तरी बाई ती डोळे मिटून ऐकायच्या.

एरिबेर्तो वारल्यावर वर्षभरानं भाची मार्लेनीनं विषय काढला. ती विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होती. "मावशी, आता तरी ही खोकी काढ. नवे बारीक मिळतात, भिंतीला लावायचे."

"आधी कुणाला तरी दाखवू," बाई म्हणाल्या.

अरिस्तिदेस हा एरिबेर्तोच्या ओळखीतला, रेडिओ दुरुस्त करणारा. त्यानं पुढची जाळी काढली. खोक्यातल्या मोठ्या स्पीकरची फोमची कड भुगा होऊन खाली पडली. "ही नवी बसवता येईल," तो म्हणाला. मग मागची फळी उघडून आत हात घातला आणि थांबला.

"ओफिरबाई, याला कुणी हात लावला होता?"

"एरिबेर्तोशिवाय कुणाची हिंमत होती?"

"मधल्या आणि छोट्या स्पीकरची तार तोडलीय. दोन्ही खोक्यांत. झिजून नाही तुटलेली, पकडीनं कापलीय." त्यानं टोकं बाहेर ओढून दाखवली. त्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि पट्टीचं टोक उलटं दुमडलेलं. एरिबेर्तो घरातली प्रत्येक पट्टी अशीच दुमडायचा, पुढच्या वेळी सोडवायला सोपी जावी म्हणून.

"माणसाचा बोलण्याचा आवाज यातूनच येतो," अरिस्तिदेस म्हणाला. "असं कुणी का करेल?"

तारा जोडून झाल्यावर बाईंनी कॅसेट काढून दिली. "ही लाव."

या खेपेला घंटा घंटेसारखी वाजली. मार्लेनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. गाणं चढत गेलं, घंटा मध्येच थांबली, आणि तुतारीच्या मागून, दाराकडून, येसिद बोलला.

"आई! ए आई!" मग हसला. "तिला कुठलं ऐकू येतंय. बाबा, तिला सांगा, मी राग धरलेला नाही. उद्या सकाळी येतो."

"सांगतो, जा," एरिबेर्तो म्हणाला. त्याचा तरुण आवाज, दारूनं थोडा जड झालेला.

त्यानं ते कधीच सांगितलं नव्हतं.

अरिस्तिदेसनं टेप बंद केला. "तारा पुन्हा सोडवू का?" त्यानं हळूच विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "कड बसवून टाक."

पुढे कितीतरी महिने त्या एरिबेर्तोच्या थडग्यावर गेल्या नाहीत. जेवताना त्याच्या रिकाम्या खुर्चीशी मात्र भांडायच्या. "विसरलास, ते समजलं. पण मग? मी रोज सांगत होते, रागात गेला म्हणून. रोज ऐकत होतास." मार्लेनी घाबरून आठवडाभर राहायला आली. बाई दुपारी स्पीकरसमोर बसायच्या आणि तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकायच्या. येसिदचा नव्हे, त्याच्यानंतरचा.

"'सांगतो, जा' म्हटल्यावर पावलं येतात, ऐक," त्या मार्लेनीला म्हणाल्या. "दोन-तीन पावलं. मग कुणीतरी त्याला हाक मारतं. तो माझ्याकडे यायला निघाला होता की ग्लास भरायला?"

मार्लेनीनं कान लावला. "पावलं नाहीत ती, मावशी. टेप घासतेय."

"पावलंच आहेत."

शेवटी मार्लेनीच म्हणाली, "माझ्या दुकानातून चांगले स्पीकर आणते, नुसते ऐकायला. खडा पडला तरी कळेल त्यांत. काय तो एकदाचा निकाल लागेल."

बाई स्पीकरच्या जाळीवरून हात फिरवत राहिल्या. कॉफी निवून गेली.

"नको आणूस," त्या म्हणाल्या. "हेच राहू देत."

मार्लेनी गेल्यावर त्यांनी टेप पुन्हा मागे नेली आणि खुर्ची खोक्याच्या अगदी जवळ ओढून घेतली.