सांबारमायचा सोमवार

माझ्या सासूने आयुष्यात कोणाला फुकट सांबार दिला नाही. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. अकोल्याच्या भाजीबाजारात गिऱ्हाईक वांगी घेते, वर चार काड्या सांबार आपल्याच हाताने उचलते आणि भाजीवाली दुसरीकडे बघते, अशी रीत होती. सासू दुसरीकडे बघत नसे. सरळ मनगट धरायची. "मांगून घे," म्हणायची. कोणी मागितला तर म्हणायची, "नाही देत." म्हणून बाजाराने तिचं नाव सांबारमाय ठेवलं. चेष्टेने ठेवलं होतं, पण तिला ते मानाचं वाटायचं.

मी अमरावतीची. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न होऊन अकोल्याला आले. मोर्णा नदीच्या काठाला आमचा भाजीचा मळा होता. सासरे नव्हते. सासूला गोड बोलता येत नव्हतं आणि मलाही येत नव्हतं, त्यामुळे आमचं बरं जमलं.

लढाई झाली त्या वर्षी धान्याची टंचाई होती. पंतप्रधानांनी देशाला सांगितलं की आठवड्यातून एक वेळचं, सोमवारच्या सांजेचं जेवण सोडा. बाजारातल्या चहाच्या हॉटेलात रेडिओ होता, तिथे सासूने ते ऐकलं. घरी येऊन टोपली टेकवली आणि म्हणाली, "सोमवारी सांजच्याले चूल पेटवाची नाही."

"काहून वं माय?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"दिल्लीवाल्यानं मांगतलं."

"अन् तू देलं? तू तं सांबाराची काडी देत नाहीस कोणाले."

"सांबार लोक उचलतेत. यानं मांगतलं."

त्या सोमवारी मी पोटुशी होते. सांजेला तिने माझ्यासमोर सकाळची भाकरी आणि ठेचा ठेवला. मी म्हटलं, आज सोमवार ना. ती म्हणाली, "त्यानं तुले मांगतलं. पोटातल्याले नाही मांगतलं. खाय." मी खाल्लं. ती भिंतीला टेकून बसून राहिली. पाणीसुद्धा उशिराने प्यायली.

पुढे थंडीच्या दिवसांत एका सकाळी रेडिओवर बातमी आली की पंतप्रधान गेले. परमुलखात गेले. बाजार भराभर बंद झाला. सासू घरी आली, विहिरीवर गेली आणि गार पाण्याने लुगड्यासकट आंघोळ केली. अशी आंघोळ आमच्यात घरचं माणूस गेल्यावर करतात. शेजारची गिरजा पाणी भरायला आली होती. तिला हसू आलं.

"काहून वं सांबारमाय, थो कोन लागत होता तुया?"

सासू लुगडं पिळत म्हणाली, "दर सोमवारी माया ताटातलं जेवत होता. आनखी कोन लागाले पायजे?"

गिरजा घागर न भरताच गेली.

तीन दिवस आमच्याकडे भाजीला फोडणी पडली नाही. चौथ्या दिवशी हॉटेलवाल्याने पंतप्रधानांचा छापील फोटो भिंतीला लावला आणि हार घातला. सासूने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. घरी येऊन मला म्हणाली, "पोरी, थो तं लयच बारीक मानूस होता वं. त्यालेच कोनी जेवू घालाले पायजे होतं." मग वांग्यांना पाणी द्यायला मळ्यात गेली. तिथे बराच वेळ पाटाशी उभी होती. पाणी वाफ्याबाहेर चाललं होतं आणि तिचं लक्ष नव्हतं. तिच्या हातून पाणी वाया गेलेलं मी तेवढंच पाहिलं.

हळूहळू लोक सोमवारी जेवू लागले. आमच्या घरीही चूल पेटू लागली. सासू मात्र जेवेना. बाजारातल्या बायकांना वाटलं, महादेवाचा उपास धरला. नवऱ्याने एकदा समजावलं, आता सोड. ती म्हणाली, "मांगनारा गेला. आता बस झालं, हे कोन सांगन मले?"

दोन-तीन वर्षांनी तिने अंथरूण धरलं. छातीत कफ, अंगात ताप. आवाज खोल गेला होता. डॉक्टर म्हणाले, पोट एक वेळही रिकामं ठेवू नका, अंगात काही उरलेलं नाही. सोमवार आला. मी ज्वारीची पेज करून नेली, तिने तोंड फिरवलं.

"आत्याबाई, डॉक्टरानं सांगतलं."

"मी जेवली तं थो उपाशी राहीन."

तापात बोलत नव्हती. नजर ठीक होती. मी वाटी हातात धरून बसले. पेज थंड व्हायला लागली. मग मी म्हटलं, "आत्याबाई, तुमचा सोमवार मले द्या."

"नाही देत." बाजारात म्हणायची तसंच म्हणाली.

"मी उचलून नाही राहिली. मांगून राहिली."

तिने माझ्याकडे पाहिलं. सांबाराला हात घालणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

"निभवशीन?"

"निभवीन."

"मंग आन थे पेज."

तिने कोणाला फुकट दिलेली मी पाहिलेली तेवढी एकच वस्तू.

त्याच आठवड्यात ती गेली. मयतीला बाजारातल्या सगळ्या बायका आल्या. मी रडले नाही. पाणी तापवायचं होतं, माणसं बसवायची होती, लेकीला सांभाळायचं होतं. सून कशी कोरडी आहे, असं बायका माझ्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने बोलल्या.

मग सोमवार आला. सांजेला नवऱ्याला वाढलं, लेकीला भरवलं आणि भाकरीची टोपली झाकून ठेवली. दिवसभर मळ्यात राबले होते, भूक सपाटून लागली होती. भिंतीला टेकून बसले, ती बसायची तिथेच, आणि एकदम रडू फुटलं. थांबेना.

"माय आठवली काय?" नवऱ्याने विचारलं.

"भूक लागली."

"जेव ना मंग."

"आज सोमवार हाय," मी म्हटलं.