शाळेच्या भिंतीशी बसलेले बाप

मिल बंद झाली तरी डबे बंद झाले नाहीत. मिलवाले सकाळी ड्यूटीला निघाल्यासारखे डबा घेऊन निघत आणि दुपारी आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीशी येऊन बसत. तिथे लिंबाची सावली होती, आणि खिडकीतून आपलं पोर शिकताना दिसायचं.

दुपारच्या शिफ्टच्या टीचर वैतागल्या, कारण पोरं फळ्यापेक्षा बाहेरच जास्त बघायची. प्रिन्सिपल मॅडमनी तिथं बसायला मनाई केली. बाप ऐकेनात. मी सकाळच्या शिफ्टची, एरवी दुपारी घरी असते, पण त्या दिवशी मिटिंगला थांबले होते. मॅडम मला म्हणाल्या, "आप मराठी में समझाइए, आपके ही लोग हैं."

माझं डोकं तापलेलंच होतं. माझा नवराही त्याच मिलमधला, पण त्याने महिन्याभरात सांवेर रोडच्या कारखान्यांत काम शोधलं होतं. मग ह्यांना काय धाड भरली होती?

मागे जाऊन मी कडाडले, "हातपाय धड आहेत ना? सांवेर रोडला जा, काम मागा!"

एक जण हात जोडून म्हणाला, "रोज जातो मॅडमजी. गेटवरूनच भगा देते हैं. घरी बसलो तर बायकोच्या नजरेला नजर देववत नाही."

त्याच्या मागे कोणीतरी घाईघाईने डबा बंद करत होतं. डबा सकाळी मीच भरलेला होता.

बाकीचे बसून राहिले. माझा नवरा तेवढा उठला आणि मान खाली घालून म्हणाला, "जातो, मॅडम."