आतोबा आज काय घालून बसलेत?

अख्ख्या हैदराबादेत तोंड न उघडता भांडण सुरू करणारा, ते जिंकणारा आणि वर तहसुद्धा करून टाकणारा माणूस एकच होता. तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. ते काही मुके नव्हते. सरकारी कचेरीत उभी हयात काढली, तिथे तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही भाषांत त्यांनी भल्याभल्यांना सुनावलं होतं. पण काचीगुड्याच्या घरात पाऊल टाकलं की जीभ रजेवर जायची आणि बोलायचं काम कपाटाकडे यायचं. स्वारी खुशीत असली की पांढरा चिकनकारीचा कुडता. आमटीत मीठ जास्त पडलं तर हात धुऊन थेट काळी शेरवानी. भर मे महिन्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावून घामाच्या धारा गाळत बसायचे. आत्या स्वयंपाकघरातून डोकावून म्हणायची, "कळलं हो! उद्या बेतानं घालते. काढा ते आता, नाहीतर घेरी येईल." लगेच शेरवानी उतरायची. एखादा पाहुणा नको इतका रेंगाळला की आतोबा आत जाऊन बूट-मोजे, टोपी चढवून येत आणि त्याच्यासमोर नुसते बसून राहत. पाहुणा चुळबुळ करत विचारायचा, "निकल रहे क्या आप?" आणि स्वतःच निघायचा.

मला बघायला नल्लकुंट्याचं एक बडं घराणं आत्याच्याच घरी आलं, तेव्हा तर कहर झाला. आई सकाळपासून पडदे सारखे करत होती, मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी, आणि पाहुण्यांबरोबर चहा-बिस्किटं घेत बसलेले आतोबा आत जाऊन आले ते लुंगी आणि भोकाभोकांचा बनियन घालून. नवऱ्या मुलाच्या वडिलांचा घास घशातच अडकला. स्थळ अर्थातच गेलं. आईनं रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आतोबांनी जिभेला क्वचितच देत ती तसदी दिली : "बापाकडे बघितल्याशिवाय त्या पोरानं बिस्कीट नाही उचललं. आपली पोर काय सांभाळणार तो?" तोंडानं सांगितलं असतं तर बाबांनी ऐकलं नसतं, हेही खरंच.

आत्या गेली त्या दिवशी आतोबा आतल्या खोलीत गेले आणि ठेवणीतला रेशमी कुडता घालून, केस विंचरून बाहेर आले. सगळे कुजबुजले, धक्क्यानं डोकं फिरलं म्हणाले. मला वाटतं, ते तिला काहीतरी सांगत होते. पण त्यांचे कपडे पुरते वाचता येणारी ती एकटीच होती आणि तिचे डोळे मिटलेले होते.

नंतर मुलानं, म्हणजे माझ्या आतेभावानं, त्यांना कुकटपल्लीला आपल्या फ्लॅटवर नेलं. मुलगा भला, तेलुगू सून त्याहून भली. एका कपाटात मावत नाहीत म्हणून त्यांनी जुने कपडे वाटून टाकले आणि मशीनमध्ये धुवायला सोपे म्हणून राखाडी टी-शर्ट आणून दिले, सगळे एकसारखे. शेरवानी तेवढी कशीबशी वाचली. महिन्याभरानं एका दुपारी आतोबा ती घालून हॉलमध्ये येऊन बसले. सून हरखली. "मामय्या, फंक्शन है क्या? कित्ते अच्छे दिख रहे!" म्हणत तिनं फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. पटापट अंगठे आले. मी मात्र तो फोटो बघून आतेभावाला फोन लावला. "अरे, ते चिडलेत. काय झालंय, विचार त्यांना."

"चिडले असते तर बोलले असते ना, ताई," तो म्हणाला. तरी बिचाऱ्यानं विचारलं. आतोबा गळ्यापर्यंत गुंड्या लावून तसेच बसून राहिले. संध्याकाळपर्यंत वाट पाहून त्यांनी आपणच गुंड्या सोडल्या. त्यानंतर शेरवानी कधी बाहेर आली नाही.

मागच्या रविवारी मी गेले, तर आतोबा बाल्कनीत बसले होते. टी-शर्ट उलटा, शिवण बाहेर. माझ्या मनात आशा जागी झाली. हा निषेध असेल? रुसवा? की आत्याची आठवण? मी खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "आतोबा, आज उलटा घातलाय. काय म्हणायचंय?"

त्यांनी मान खाली घालून पोटावरची शिवण चाचपली.

"उलटाच आहे की. मला नाही कळलं, बेटा."

दोन्ही हात त्यांनी लहान मुलासारखे वर केले. मी टी-शर्ट काढला, सुलटा केला आणि पुन्हा डोक्यातून घातला. त्यांनी समोरचा भाग तळहातानं सारखा केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आता बरं दिसतं ना?"

इतक्या वर्षांत कपड्यांबद्दल त्यांनी तोंडानं विचारलेला हा पहिलाच प्रश्न. "छान दिसतं," मी म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावर नसलेली धूळ झटकत राहिले.