जबलपूरच्या फेरीची तयारी

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. अमरावतीजवळ आमचा भाजीचा आणि झेंडूचा मळा होता, पण त्याचं मन लोखंडात. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात तो मिस्त्री होता. जिनाचा साहेब विलायतेला परतताना आपली मोडकी फटफटी त्याला देऊन गेला, आणि चार महिने खपून भावाने ती चालू केली.

तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात फटफटी दिसली की माणसं कामं टाकून रस्त्यावर येत. त्यावरूनच त्याला ही फेरी सुचली. अमरावतीबाहेर एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी महारोग्यांसाठी झोपड्या बांधल्या होत्या. तिथल्या विहिरीचा पंप दुरुस्त करायला भाऊ गेला, तर बायका गळक्या छपराखाली पोती पांघरून बसलेल्या. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आपण दोघं फटफटीवरून जबलपूरपर्यंत जाऊ, गावोगाव थांबू आणि जमलेल्या लोकांकडे या छपरासाठी वर्गणी मागू. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. लगेच हो म्हणालो.

हिवाळाभर तयारी चालली. सुटीच्या दिवशी तो अकोल्याहून यायचा आणि मला शिकवायचा. फटफटी चालवणं, पंक्चर काढणं, साखळी ताणणं, प्लग घासणं. डोळ्यांवर वहिनीच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून मला चाक उतरवायला लावायचा, कारण शिवनीच्या जंगलात कंदील विझला तर काय करशील, असं त्याचं म्हणणं. बाबांना हे सगळं खूळ वाटे, तरी मोटेच्या जुन्या चामड्याच्या दोन पिशव्या त्यांनीच शिवून दिल्या. सभा आणि मुक्कामासाठी वाटेतल्या गावांतल्या शिक्षकांना मी पत्रं लिहिली. बहुतेकांची उत्तरं आली. वहिनीचं बाळ तेव्हा रांगत होतं.

निघायला पंधरा दिवस असताना आम्ही परतवाड्यापर्यंत जाऊन पाहिलं. परतताना चांदूर बाजारच्या अलीकडे साखळी सैल झाली. भाऊ गुडघ्यावर बसून ती आवळत होता, मी पान्हे देत होतो. काहीतरी जळल्याचा वास आला. मला वाटलं, पिशवीचं चामडं धुराच्या नळीला लागलं. पाहतो तर त्याचा डावा हात कोपराखाली तापलेल्या नळीवर टेकलेला, आणि तो शांतपणे नट फिरवतोय.

"भाऊ, हात," मी म्हणालो.

त्याने हात उचलला. कातडी सोलून निघाली होती. त्याने दुसऱ्या हाताचं बोट तिथे दाबून पाहिलं. मग म्हणाला, "मले काहीच समजलं नाही बाप्पा."

त्या जागी आधीपासून एक फिकट चट्टा होता. घरात सगळे त्याला गजकर्ण समजायचे. त्या हिवाळ्यात झोपड्यांत जाऊन जाऊन आम्ही दोघं तसे चट्टे ओळखायला शिकलो होतो, पण त्याच्या हाताकडे तसं कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही घरी गेलोच नाही, सरळ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला डोळे मिटायला सांगून हातावर टाचणी टोचली, आणि टोचलं की सांग म्हणाले. तो वाट पाहत बसला. मला टाचणी दिसत होती. डॉक्टर म्हणाले, ही लागण इथली नव्हे, फार वर्षांपूर्वीची असणार. या रोगावर तेलाची इंजेक्शनं देतात, ती घेतली तर तो आटोक्यातही राहील.

घरी कळलं. मायने त्याची ताटवाटी वेगळी काढली. वहिनीचे भाऊ येऊन तिला आणि बाळाला घेऊन गेले. मी फेरी रद्द म्हणून पत्रं लिहायला बसलो, तेव्हा भावाने दौत उचलून बाजूला ठेवली.

"तू एकटा जाय. मी शिकवलं नं तुले सारं? फक्त माह्यं नाव कोठी घेऊ नको. लोकायले समजलं तं कोणी छपराचा एक पत्राही देणार नाही."

मी गेलो. जंगलात दोनदा चाक उतरवावं लागलं. दोन्ही वेळा त्याचा आवाज कानात होता. गावोगाव लोकांनी हार घातले, मदतही केली. जबलपूरला एका शाळेच्या पटांगणात सभा झाली. सभेनंतर एक वयस्कर बाई जवळ आली. हिंदीत तिने विचारलं, तुमच्या घरात कुणाला आहे का? तिचा आवाज फार हळू होता. तिच्या घरात कुणालातरी असणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मी नाही म्हणालो. ती मान हलवून निघून गेली.

मी परत येईपर्यंत भाऊ झोपड्यांत राहायला गेला होता. पंपाजवळ बसून मी त्याला रस्ता सांगितला, घाट सांगितले. त्या बाईचंही सांगितलं. तो पायाजवळची माती काडीने उकरत होता.

"तिले तरी सांगाचं होतं रे," तो म्हणाला.

पावसाळ्याआधी बायकांच्या झोपडीवर पत्रे बसले. ते ठोकायला तोच वर चढला होता, हातांना चिंध्या गुंडाळून. तिथे तो अकरा वर्षं जगला. वहिनी एकदाच आली, बाळ चालायला लागल्यावर, आणि कुंपणापलीकडूनच तिने ते त्याला दाखवलं. माय कधी गेली नाही. मी दर रविवारी जायचो. पहिलं वर्षभर मीही हातभर अंतर ठेवूनच बसायचो, आणि तो कधी त्या अंतराच्या अलीकडे आला नाही.