वैद्यांची सरकारी परीक्षा

सरकारनं वैद्य-हकिमांची नोंदणी काढली आणि तपासणीला आमचे डॉक्टरसाहेब नेमले गेले. मी त्यांचा कारकून. माणसं घाबरत घाबरत यायची आणि जाताना आम्हालाच घाबरवून जायची! किस्से इतके साठले, की ऑफिसात चहा आला की कुणीतरी म्हणायचंच, "हं, काढा एखादा वैद्य!"

पहिला धक्का अनसिंग गावचा. बाजारात दात काढणारा एक जण आला. साहेबांनी विचारलं, "अनुभवाचा पुरावा?" त्यानं पिशवी टेबलावर उलटी केली. दातच दात! मी खुर्चीसकट मागं सरकलो. तेवढ्यात दारातल्या गर्दीतून एक पाटील पुढं आले. ढिगातली एक दाढ उचलून म्हणाले, "हे माही व्हय. चांगली होती. दुखत होती ते बाजूची!"

मानोरा गावी हाडं बसवणारे एक बुवा आले. साहेब म्हणाले, "करून दाखवा." आता हात निखळलेला माणूस ऐन वेळी आणायचा कुठून? बुवांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आमच्या गणपत शिपायाचा हात धरला. कट्! "निंगाला." पुन्हा कट्! "बसला." गणपतला ओरडायलाही सवड मिळाली नाही! पुढं कितीतरी दिवस तो साहेबांना डाव्या हातानं सलाम ठोकायचा.

वाशीमचे एक शेटजी दुकानात काष्ठौषधी विकायचे. दुखणं ऐकून पुडी बांधायचे, पथ्यही सांगायचे. साहेब म्हणाले, "मग तुम्हीही वैद्यच. नाव नोंदवा." शेटजींनी हातच जोडले. "नोको साहेब! रोगी मेला तं वैद्याले धरते. दुकानदाराले निस्तं महाग म्हनते!"

इंझोरीचे पुंजाजी घरीच काविळीचं औषध द्यायचे, म्हणून तपासणीला आम्हीच तिथं गेलो. औषधातल्या पाल्याचं नाव कुणाच्याही कानावर पडलं की गुण जातो, अशी तिकडची पक्की समजूत. आणि नावाशिवाय परवानगी नाही, असा आमचा नियम.

"नाव सांगा, नाहीतर आजपासून औषध बंद," साहेब म्हणाले.

पुंजाजींनी बाहेर पाहिलं. अंगणात रोग्यांची रांग. त्यातून एक बाई पिवळ्याजर्द पोराला खांद्यावर घेऊन पुढं आली. पोरानं मान टाकली होती.

"कायले नाव इचारता, साहेब? तुमी आयकलं तं माह्या लेकाले गुन कसा येईन? तुमच्याच दवाखान्यातून वापस आनला मी त्याले!"

साहेब मान वर करेनात.

"नियम आहे, बाई."

पुंजाजींनी एकदा पोराकडं पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. अख्ख्या रांगेनं कानांत बोटं घातली! बाईनं पोराचे कान झाकले. तिचे मागच्या म्हातारीनं झाकले, म्हातारी तशीही ठार बहिरी! माझीही बोटं कधी कानांत गेली, मला कळलं नाही.

साहेबांनी सगळ्यांकडं पाहिलं. टाक खाली ठेवला. दोन्ही कानांत बोटं घातली आणि ओरडले, "हं, सांगा आता!"