लाल फुलीचं घर

एकोणऐंशी साली लग्न होऊन मी आखातात, मनामाला आले. हे एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होते. आमची खोली बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. इमारतीत बाकी सगळे एकटे पुरुष. एकदा कुणीतरी दारू पिऊन आमचं दार बडवलं, तेव्हापासून हे सकाळी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागले. "तुझ्याच काळजीने," म्हणायचे. ते खोटंही नव्हतं, त्यामुळे मला धड भांडताही यायचं नाही.

समोरच्या जुन्या घरात एक म्हातारी एकटीच राहायची. तिची गच्ची माझ्या खिडकीच्या बरोबरीला. लिंबं वाळत घालायला ती वर यायची. तिचा नवरा पूर्वी मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता, त्यामुळे ती चार वर्षं मुंबईत राहिलेली. मोडकंतोडकं का होईना, हिंदी छान बोलायची.

"बेटी, नीचे क्यों नहीं आती?"

"ताला है, खाला."

दुसऱ्या दिवशी काठीला पिशवी अडकवून तिने गल्लीवरून मला गरम रोट्या दिल्या. मग रोजच बोलणं सुरू झालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी समुद्र होता, हे मला तिनेच सांगितलं. "मेरी सास इधर बर्तन धोती थी. फिर बलदिया ने पत्थर डाला, मिट्टी डाला." बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. कुठे होड्या लागत, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, सगळं ती बोट दाखवून सांगायची. मला मात्र खिडकीच्या गजांतून तिच्या बोटापलीकडे भिंतच दिसायची.

एका सकाळी ती गुडघे दाखवायला सलमानियाच्या हॉस्पिटलात गेली होती. तेवढ्यात दोन माणसं टेप घेऊन आली. त्यांनी गल्ली मोजली, तिच्या भिंतीवर लाल रंगाने फुली मारली आणि दाराला एक कागद चिकटवला.

"घर में कोई नहीं है!" मी वरून ओरडले.

"मफी मुश्किल," काही हरकत नाही अशा अर्थाने एकाने वर बघून हात हलवला आणि दोघं निघून गेले.

वारा सुटला. कागद सुटून गल्लीत पडला. मी धावत जाऊन दार ओढलं. दार कुठलं उघडतंय? पुन्हा खिडकीशी आले तोवर झाडूवाल्याने कागद कचऱ्यात भरला होता.

दुपारी ती परत आली तेव्हा मी रडतच सगळं सांगितलं. ती फुलीवर हात फिरवत उभी राहिली. मग उन्हातच बलदियाच्या कचेरीत गेली. तिथे तिला नीट समजावून सांगितलं: रस्ता रुंद होणार, घर जाणार, बदल्यात गावाबाहेर नवीन घर मिळणार. कागद हरवल्याने काहीच बिघडलं नव्हतं. माझी तडफड मात्र शमली नाही.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "अहो, मला किल्ली द्या. नाहीतर मी गावी जाते."

"कशी जाशील? पासपोर्ट वर्कशॉपच्या मालकाकडे आहे."

"तुमचाही त्याच्याचकडे आहे ना?"

हे जेवता जेवता थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी किल्ली करून आणली आणि ओट्यावर ठेवली.

मी खाली उतरले ती म्हातारीचं सामान बांधायलाच. महिन्याभरात गल्लीची ती बाजू पाडली.

पुढे एकदा बसने तिच्याकडे गेले. नवीन घर मोठं, पंखे, नळाला पाणी, आणि चारी बाजूंनी पुरुषभर उंच भिंत. गच्चीचा जिना तिला चढवत नव्हता. तिने मला दोनदा चहा पाजला, जुन्या गल्लीतल्या एकेका घराचं नाव घेऊन कोण कुठे गेलं ते विचारलं. मला एकाचंही सांगता आलं नाही. मी उठले तशी तिने माझा पदर धरला.

"बैठ ना. शाम तक इधर कोई नहीं आता."

शेवटची बस चारची होती. मी पुन्हा बसले, पण लक्ष सारखं घड्याळाकडे.