दाढेची मिश्री

शिरूर कासारजवळच्या एका वाडीत दूध संस्थेचं माप सिंधुबाईंच्या हाती होतं, आणि त्यांच्या केंद्रात तंबाखूच्या मिश्रीला बंदी होती. बायका हसायच्या, "वास आला की हिच्या अंगात येतं!" हसणाऱ्यांचं काय जातं?

सिंधुबाईंना त्या वासात २०१२च्या दुष्काळातला उसाचा फड दिसायचा. त्यांचा नवरा कचरू मोळी टाकून गाल धरून बसला होता. "दाढ लई ठणकतीय गं. हात बी भरून आलाय." त्यांनीच आपल्या बोटानं त्याच्या दाढेत मिश्री भरली, "घटकाभर बसा" म्हणाल्या आणि कोयता उचलला. परत आल्या तेव्हा कचरू तसाच बसलेला होता, घामानं भिजलेला, गार. दवाखान्यात समजलं, दुखणं दाढेचं नव्हतंच, काळजाचं होतं. तेव्हापासून दूध मोजताना, भाकरी थापताना मागून कचरूचा तोच आवाज यायचा. वळून बघावं तर कुणी नसायचं.

२०२४ला पुन्हा दुष्काळ पडला. गावाचा संसार दुधावरच चालला होता. एका सकाळी दूध घालायला आलेली साखराबाई किटली ठेवून हळूच म्हणाली, "सिंधे, आज चिमूटभर मिश्री लावू दी. दाढ ठणकतीय."

सिंधुबाईंच्या हातातलं माप पडलं. "हात बी भरून येतोय का?"

"येतोय की. तुला कसं ठावं?"

तिच्या कपाळावर घाम होता. संस्थेची गाडी दारात उभी होती. सिंधुबाईंनी साखराबाईला पुढं बसवलं. चालक जालिंदर कुरकुरला, "मावशे, अजून दोन वाड्यांचं दूध घ्यायचंय. उन्हात नासलं तर लोक मला सोलतील."

"नासू दे! लोकांला मी सांगते. चल तू."

तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला. तो मोबाइलवर शहरातल्या डॉक्टरांना दाखवला आणि दहा मिनिटांत उत्तर आलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच दिलं. हळूहळू साखराबाईची कळ ओसरली.

"बायकांची कळ अशीच फसवते, कधी कधी छाती दुखतच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही कसं ओळखलंत?"

सिंधुबाईंनी उलट विचारलं, "हे विंजेक्शन नवं निघालंय का?"

"इंजेक्शन जुनंच आहे, कित्येक वर्षांचं. इथं बसून शहरातल्या डॉक्टरांना विचारायची सोय तेवढी नवी."

बारा वर्षं सिंधुबाईंनी मनाची एकच समजूत घातली होती, की तेव्हा औषधच नव्हतं. त्या बाहेर येऊन गाडीच्या पायरीवर बसल्या. कॅनमधून आंबूस वास येत होता. त्या आपल्या बोटाकडं बघत राहिल्या.

"अवो, औषध व्हतं," मागं न वळता त्या म्हणाल्या. "मी तुमाला मिश्री दिली."